दंडाची कोंबडी

बदलापूर गावातल्या त्या हायस्कुलात घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा होता. तो वऱ्हांड्याच्या वाशाला साखळीने टांगलेला असे आणि टोल द्यायची हातोडी हरिचंद्राच्या ताब्यात असे. ही हातोडी त्याने एकतीस वर्षं सांभाळली. रजेवर जायचा तेव्हाही ती घरी घेऊन जायचा. मग शाळेत कोणीतरी दगडाने टोल दिला की आसपासच्या बायका ओळखायच्या, आज हरिचंद्र आलेला नाही.

हरिचंद्र आगरी होता, उल्हास नदीच्या काठच्या गावातला. चौथीत दोनदा आपटून शाळा सोडलेली. पुढे ओळखीने याच हायस्कुलात शिपाई म्हणून चिकटला. नापास झालेला माणूस जन्मभर शाळेतच राहिला, असं त्याची बायको पुतळाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तोही हसायचा. स्वभावाने अगदी सरळ, म्हणजे कशालाच नाही न म्हणणारा. हेडमास्तर म्हणाले पाणी आण, की म्हणायचा बरं. क्लार्क म्हणाला टपाल टाकून ये, बरं. पुतळाबाई म्हणाली मागची भिंत लिंपायला झाली, तरी बरंच. भिंत वर्षानुवर्षं तशीच राहायची, पण बरं म्हणण्यात त्याने कधी कसूर केली नाही. अशी माणसं सगळ्यांना आवडतात. त्यांच्यामुळे कोणाचं काय वाईट होतं, हे बहुतेक कोणाच्या लक्षात येत नाही.

जिवली या शाळेत आली १९८६ साली, सातवी झाल्यावर. बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात ठाकरवाडी होती, तिथली. वाडीवरून हायस्कुलात आलेली ती पहिलीच मुलगी. दोन तास चालून यायची. उशीर झाला तर बाहेर उभं करतात, या धास्तीने ती इतक्या लवकर निघायची, की फाटक उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेली असायची. हरिचंद्र कुलूप काढायचा, झाडू मारायचा आणि आपल्या थर्मासच्या झाकणात तिला घोटभर चहा द्यायचा. ती त्याला मामा म्हणायची. चहाच्या बदल्यात म्हणून नव्हे, पण तिच्या दप्तरात मामासाठी नेहमी काही ना काही असायचं. कधी करवंदं, कधी कंटोली, पावसाळ्यात पानात बांधलेले चार-सहा खेकडे. पुतळाबाई त्या खेकड्यांचं कालवण असं करायची की हरिचंद्र त्या दिवशी भिंत लिंपायलाही तयार व्हायचा.

पोरगी हुशार होती आणि खोडकरही होती. मास्तरांच्या चालीची नक्कल करावी तर तिनेच. रिकाम्या वऱ्हांड्यात ती हरिचंद्राला एकेक मास्तर चालून दाखवायची आणि तो झाडू टेकवून पोट धरून हसायचा. खरं म्हणजे त्या शाळेत त्याच्याशी कोणी हसण्यासारखं बोलतच नसे. कामं सांगत, तेवढंच.

१९८७चा श्रावण होता आणि जिवली नववीत होती. त्या दिवशी शाळेची तपासणी होती, ठाण्याहून साहेब यायचे होते. तपासणी म्हटलं की प्रत्येक वर्गात नव्या खडूंचा पत्र्याचा डबा नेऊन ठेवायचा, हे हरिचंद्राचं काम. तो पायरीवर बसून डबे भरत होता. शेजारी जिवली खेकड्यांची पुडी सोडून बसली होती. त्यातला एक खेकडा रुपयाएवढा, कालवणातही हाताला लागला नसता. तिने तो पाठीवर धरून उचलला, नववीच्या डब्यात खडूंवर ठेवला आणि हरिचंद्राकडे पाहिलं. नववीचा पहिला तास इतिहासाच्या सरांचा असे. ते डबा उघडायचे डोळे मिटून आणि शिकवायचेही तसेच.

"मामा, सांगू नको," ती म्हणाली.

"बरं," हरिचंद्र म्हणाला, आणि झाकण त्यानेच लावलं.

डबा त्यानेच नेला आणि टेबलावर ठेवला. परत येताना वऱ्हांड्यात समोरून हेडमास्तर आणि साहेब येताना दिसले. आज नववीचा तास आपण स्वतः घेतो, असं हेडमास्तर साहेबांना सांगत होते. हे हरिचंद्राच्या कानावर पडलं. तिथून वर्गाचं दार पंधरा पावलांवर होतं. मागे वळून, झाडायचं राहिलं असं काहीतरी पुटपुटून तो डबा उचलून आणू शकला असता. तो वळला नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर त्यालाही बघायचं होतं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

पुढे घडलं ते अर्ध्या मिनिटाचं काम. हेडमास्तरांनी फळ्याकडे तोंड करून डब्यात हात घातला, खेकड्याने बोट धरलं, हेडमास्तर "आई गं" म्हणून उडाले, खुर्ची उलटली आणि खेकडा साहेबांच्या बुटावरून तुरुतुरु चालत कोपऱ्यात गेला. बोटाला साधा ओरखडा नव्हता. वर्ग हसला. त्याने फारसं बिघडलं नसतं. पण साहेब हसले. चांगले डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, तुमच्या शाळेत जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक फार छान आहे.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. दहावीच्या पोरांना सकाळी फुकट शिकवायचे, कोणाकडे वही नसली तर स्वतःच्या खिशातून आणून द्यायचे. साहेब चिडले असते तर त्यांनीच पोरांची बाजू घेतली असती. पण साहेब हसले, आणि ते हसू हेडमास्तरांच्या मनातून जाईना. माणूस मार विसरतो, असं हसू विसरत नाही.

साहेब गेल्यावर नववीचा वर्ग उभा केला. कोण, म्हणून विचारलं. खेकडा डोंगराकडचा आणि डोंगराकडून येणारी मुलगी एकच, त्यामुळे विचारायची गरज नव्हती. तरीही जिवली आपण होऊन पुढे आली. हेडमास्तरांनी विचारलं, आणखी कोण होतं? हरिचंद्र तेव्हाही दारातच होता, हातात डस्टर घेऊन. जिवलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मी एकटीच," ती म्हणाली.

हरिचंद्राच्या तोंडात तेव्हा एक वाक्य तयार होतं. डबा मी नेला साहेब, मला ठाऊक होतं. एवढंच. ते त्याने गिळलं. आणि त्याला काही वाटलं नाही. लाज नाही, दुःख नाही, काही नाही. हात-पाय दुसऱ्याचे असावेत तसे वाटले. तो गेला, खाली पडलेले खडू गोळा केले, तुटलेले वेगळे काढले आणि दुसऱ्या तासाचा टोल वेळेवर दिला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आदल्या वर्षी दहावीच्या पोरांनी हेडमास्तरांच्या खोलीत गाढव बांधून ठेवलं होतं. गाढवाने हजेरीपट खाल्ला, नको ते करून ठेवलं आणि ते सगळं हरिचंद्राने दोन बादल्या पाणी ओतून धुतलं. पोरांचा म्होरक्या संस्थेच्या एका सभासदाचा मुलगा. त्याचा कान धरला गेला, एवढंच. निरोपसमारंभात तो किस्सा हेडमास्तरांनी स्वतः रंगवून सांगितला आणि सगळे पोट धरून हसले. गाढवाला हसू आणि रुपयाएवढ्या खेकड्याला शाळा सोडल्याचा दाखला, हा कुठला हिशोब ते कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? शाळेत असले प्रश्न ज्याला पडतात त्याच्या हातात बहुधा झाडू असतो.

जिवलीच्या बापाला बोलावणं गेलं. भातातलं तण काढायची बेणणी चालू होती, म्हणून नवसू आला तिसऱ्या दिवशी. धुतलेलं धोतर, डोक्याला फडकं आणि काखेत पाय बांधलेली तांबडी कोंबडी. हरिचंद्राने त्याला वऱ्हांड्यात बसवलं. कोंबडी कशाला, असं विचारल्यावर नवसूने फार समजुतीने सांगितलं. त्यांच्या वाडीत दोन घरांत काही वाकडं आलं की पंच बसतात. ज्याच्याकडे चूक असते त्याने वाद घालायचा नाही. विचारतील त्याला होय म्हणायचं, असेल त्याहून जास्त अंगावर घ्यायचं आणि दंडाची कोंबडी पुढे ठेवायची. मग ती कोंबडी शिजते, दोन्ही घरं एका ओळीत बसून जेवतात, आणि ज्याचं वाईट झालं तो चूक करणाऱ्याला पहिला घास देतो. घास तोंडात गेला की भांडण संपलं. पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढणाऱ्यालाच दंड.

"वाद घातला का लांबतंय," नवसू म्हणाला. "मी नाय घालनार."

त्याने खरोखरच घातला नाही. हेडमास्तरांनी विचारलं, तुमची मुलगी वर्गात दंगा करते हे खरं? नवसू म्हणाला, करत असेल. इतर मुलींना बिघडवते? बिघडवत असेल. तुमच्याच्याने तिला आवरणं होत नाही? नाही होत साहेब, चूक आमचीच. हेडमास्तर एकेक प्रश्न विचारत गेले आणि नवसू एकेकाला मान डोलवत गेला. जेवढं जास्त अंगावर घ्यावं तेवढं लवकर मिटेल, या हिशोबाने त्याने पोरीने न केलेले गुन्हेही कबूल करून टाकले. शेवटी त्याने कोंबडी टेबलावर ठेवली. हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. मला लाच देतोस, म्हणून ते ओरडले आणि हरिचंद्राला म्हणाले, ही घाण आधी बाहेर ने.

हरिचंद्र बरं म्हणाला आणि कोंबडी उचलली.

तोवर सदू क्लार्काने अर्ज लिहून तयार ठेवला होता. सदू उल्हासनगरचा, कॅम्प चारमध्ये सिंध्यांच्या शेजारात वाढलेला. त्याचं अर्धं बोलणं बाजारातलं आणि अर्धं ऑफिसातलं, पण अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरात लिहिलं होतं की माझी मुलगी घरच्या अडचणीमुळे पुढे शिकू इच्छित नाही, तरी तिला शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती. शाळा कोणाला काढत नाही, पालकच नेतात. सदूने हरिचंद्राला हे हळूच समजावलं.

"एकदम साफ काम आहे," तो म्हणाला. "अर्ज त्याचा, दाखला आपला. उद्या कोणी विचारलं तर बोट दाखवायला जागा नाही."

शिक्षा अशी, की कागदावर ती शिक्षाच नव्हती. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात सदूने 'चांगली' असं लिहून दिलं.

शाईचा पॅड धरायचं काम हरिचंद्राचं. अंगठा मागितल्यावर नवसूचा चेहरा उजळला. आता मिटलं, असं त्याला वाटलं. चिखलाने चिरा पडलेल्या त्या अंगठ्याचा ठसा पहिल्यांदा उठलाच नाही. हरिचंद्राने तो आपल्या हातात धरून पुन्हा पॅडवर दाबला, मग कागदावर दाबला. दुसरा ठसा चांगला उठला. अंगठा गरम होता, एवढं मात्र त्याला पुढे नेहमी आठवायचं. बाकी त्या दिवसाचं काही आठवायचं म्हटलं तर सगळं लांबून पाहिल्यासारखं.

बाहेर आल्यावर हरिचंद्राने कोंबडी परत पुढे केली. नवसूने हात मागे घेतला. दिलेला दंड माघारी न्यायचा नसतो, तुम्ही शाळेचीच माणसं, ठेवा. साहेब रागात आहेत, राग उतरला की शिजवतील आणि बोलावतील. मग त्याने विचारलं, "मंग भाऊ, पोरीला उद्यापास्नं धाडू ना?"

हरिचंद्राने तोंड उघडलं आणि त्यातून त्याचा नेहमीचाच शब्द बाहेर पडला.

"बरं."

म्हणून दुसऱ्या दिवशी जिवली आली. केसांना तेल, गणवेश धुतलेला. फाटकाबाहेर पायरीवर बसली. हरिचंद्राने कुलूप काढलं आणि फाटक धरूनच उभा राहिला. आज नाय जिवले, म्हणाला. ती म्हणाली, बाबाने दंड भरलाय, कोंबडी दिलीय. हो दिली, तो म्हणाला. मग आत गेला, सदूच्या टेबलावरून दाखला आणला आणि तिच्या हातात ठेवला. बापाला वाचता येत नव्हतं, तिला येत होतं. तिने उभ्या उभ्या दोनदा वाचला. शाळा सोडण्याचं कारण, पालकांची विनंती.

"हे बाबानं सांगितलं?" तिने विचारलं.

हरिचंद्र म्हणाला, "आंगठा तं त्याचाच हाय."

हे खोटं नव्हतं. तिने कागदाची चार पदरी घडी केली, पोलक्यात खोचली आणि आली त्या रस्त्याने निघाली. त्याने थर्मासचं झाकण उघडून ठेवलं होतं. त्यातला चहा निवून गेला. पहिला टोल वेळेवर झाला.

कोंबडी हरिचंद्राच्या घरी राहिली. पुतळाबाईने आठवडाभर वाट पाहिली आणि रविवारी विळी काढली. हरिचंद्र म्हणाला, नको. आयुष्यात त्याने तिला पहिल्यांदा नको म्हटलं, त्यामुळे ती इतकी चकित झाली की विळी ठेवूनच दिली. कोंबडी चार वर्षं जगली. अंडी दिली, पिल्लं काढली आणि एका दुपारी तुळशीमागे मरून पडली. खेकड्याचं कालवण हरिचंद्राने पुन्हा खाल्लं नाही. तोंडाला चव राहिली नाही, असं सांगायचा. चव कशालाच राहिली नव्हती, पण ते कोणाला सांगावं असं त्याला वाटलं नाही. तो जेवायचा, झोपायचा, टोल द्यायचा. शाळेत कोणी पोर काही खोडी करताना दिसलं तर आवाज चढवून हाकलायचा. पोरं म्हणायची, हरिमामा फार खडूस आहे. तो खडूस नव्हता, घाबरलेला होता. पोरांच्या हसण्याचा आवाज वाढला की तो हातातलं काम टाकून तिकडे धावायचा.

त्या वर्षांत बदलापूर हां हां म्हणता वाढलं. चाळींच्या जागी इमारती आल्या, अंबरनाथच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांची वस्ती वाढली, शाळेवर एक मजला चढला. हेडमास्तर निवृत्त झाले, पुढे वारलेही. शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो लागला, त्याला हार घालायचं काम हरिचंद्राकडे आलं. खरी विजेची घंटाही आली, पण वीज वारंवार जायची, म्हणून रूळ टिकला. जिवलीचं दुसऱ्याच वर्षी लग्न झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. बाजारात ती दोन-तीनदा दिसली, पुढ्यात रानभाजीचे वाटे मांडून बसलेली. तो गर्दीतून पलीकडच्या बाजूने गेला.

१९९९च्या जून महिन्यात, त्याच्या नोकरीचे तीन आठवडे उरले असताना, तो सकाळी फाटक उघडायला आला तर पायरीवर एक बाई आणि दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. बाई जिवली होती. मुलगी तिची, चंद्री. आदल्या आठवड्यात पाचवीत नाव घातलं होतं. आज पहिला दिवस, म्हणून आई सोबत आली होती. पोरगी गुडघे जुळवून, दप्तर मांडीवर घेऊन अगदी गप्प बसली होती.

हरिचंद्राने कुलूप काढलं. झाडू घेतला, पुन्हा ठेवला. बारा वर्षं जे वाक्य तोंडात होतं ते त्याने फाटकाकडे बघत एकदाचं बोलून टाकलं.

"जिवले, त्या दिशी मी बोलायला पायजे व्हतं. डबा मीच नेला व्हता."

"ठाव हाय मामा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणखीही काही नव्हतं. लगेच तिने विचारलं, "त्या कोंबडीचं काय केलं?"

"नाय कापली. आपसूक मेली, चार वरसांनी."

जिवलीने मान हलवली, जसं काही एखादी शंका फिटली. मग तिने सांगितलं. त्या दिवशी घरी जाऊन तिने बापाला दाखल्याचं काही सांगितलंच नाही. अंगठा त्याचाच होता, त्याला काय सांगणार? शाळेने सांगितलंय की जेवण होईल तेव्हा बोलावू, मग परत बसवू, एवढंच ती म्हणाली. नवसूला ते पटलं. पंचांचं जेवणही कधी कधी लांबतं.

"पहिलं वरीसभर त्यानं माझं लगीन अडवून धरलं. शालंतनं बोलावनं येनार म्हनं. मंग लगीन झालं तरी वाट बघायचाच. श्रावन आला का धोतर धुऊन ठेवायचा. मेला तवा बी घडी घातलेलं व्हतं."

नवसू कधी गेला, असं हरिचंद्राने विचारलं. दोन वर्षं झाली, ती म्हणाली. म्हणजे दहा श्रावण. शाळेपासून ठाकरवाडी चालत दोन तासांवर होती. त्या दहा वर्षांत हरिचंद्राच्या अंगणात त्याच कोंबडीची पिल्लं फिरत होती, आणि तिथे जायला रविवार तर दर आठवड्याला येत होता. बारा वर्षं बधिर असलेलं काहीतरी आता दुखेल, असं त्याला वाटलं. तो वाट बघत उभा राहिला. दुखलं नाही. फक्त उजव्या हाताच्या बोटांत त्या अंगठ्याची ऊब आल्यासारखी झाली, आणि तो हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

त्याने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि चंद्रीपुढे धरला. पोरीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, घे. तिने दोन घोटांत संपवला आणि झाकण पुसून परत दिलं. तिला हसवावं म्हणून हरिचंद्राने पूर्वीच्या इतिहासाच्या सरांसारखं, डोळे मिटून, दोन पावलं चालून दाखवलं. साठीला आलेला माणूस, ते जमलंही नसेल. चंद्री त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"तिला सांगून ठेवलंय," जिवली म्हणाली. "शालंत काय न्यायाचं नाय. हसायचं बी नाय."

दहा चाळीस झाले. हरिचंद्राने हातोडी घेतली आणि टोल दिला. पोरं धावत आली, रांगा झाल्या, पाचवीची रांग पायरीजवळच होती. पुढच्या एका मुलीने काहीतरी केलं आणि सगळी रांग खिदळली. चंद्री त्या रांगेच्या मधोमध, हाताची घडी घालून, समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती.